शेवटच्या रांगेतल्या हिरेमठ बाई

हिरेमठ बाईंबद्दल शांतपणे लिहायचं मी चार वेळा ठरवलं आणि चारी वेळा कागद फाडला. नाही जमत. त्या आठवल्या की आधी त्यांचा राग आठवतो, मग माझा मला येतो, आणि मग आमच्या डी.एड. कॉलेजातल्या त्या खोलीच्या दारावरची पितळी पाटी डोळ्यापुढं येते आणि डोक्यात तिडीक जाते. तेव्हा रागानंच लिहितो. बाईंना ते चाललं असतं. "गुळमुळीत बोलू नको रं सुतारा. तोंडात गूळ धरलाईस काय?" असं त्या मला पहिल्या वर्षापासून म्हणत आल्या.

कोल्हापुरात नव्वदीच्या सुरुवातीला मी डी.एड.ला आलो तेव्हा बाई सराव पाठ विभागाच्या प्रमुख होत्या. सराव पाठ म्हणजे होऊ घातलेल्या मास्तरानं खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांपुढं पाठ घ्यायचा आणि कॉलेजच्या कुणीतरी तो मागं बसून बघायचा. बाकीच्या निरीक्षकांना शाळा खुर्ची द्यायची, पाठ रंगात येईपर्यंत चहाही यायचा. बाई खुर्चीवर बसत नसत. वर्गात शिरल्या की इरकल साडी सावरत थेट शेवटच्या रांगेत जायच्या आणि बसकरपट्टीवर पोरांच्या मधोमध मांडी घालायच्या. चाळिशी ओलांडलेली दणकट बाई आणि दोन्ही बाजूंना दुसरीतली चिल्लीपिल्ली. पाच मिनिटांत एखादं पोरगं त्यांच्या मांडीला टेकलेलं असायचं.

निरीक्षणाच्या वहीत लिहायची एक ठरलेली भाषा असते. आवाज स्पष्ट, फलकलेखन समाधानकारक, वर्गनियंत्रण चांगले. असल्या शेऱ्यांवर पोरं डी.एड. होतात आणि पुढं तीस वर्षं नोकरी करतात. बाई तसलं काही लिहीत नसत. त्या लिहायच्या, "खिडकीजवळचा लाल स्वेटर पाठ संपेपर्यंत पेन्सिल शोधत होता. तिसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची पोरगी सगळी उत्तरं ओठातल्या ओठात देत होती. एकदा तरी विचारायचं तिला."

आणि पाठ संपला की व्हरांड्यात येऊन एकच प्रश्न.

"कोण दिसलं?"

म्हणजे, आत्ता ज्या वर्गापुढं अर्धा तास बडबडलास त्यातलं एक पोर सांग. नाव नको. ते काय करत होतं, त्याला काय कळलं, कुठं अडलं, तेवढं सांग. आमच्या बॅचमधला एक शहाणा म्हणाला, "बाई, सगळी दिसली." बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता खैर नाही. "सगळी दिसली म्हंजे एक बी दिसलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी सकाळी एस.टी.त बसली की मला बी सगळी दिसत्यात. पाठ परत घे." आणि खरंच परत घ्यायला लावला. आम्ही त्यांना मागून काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाई कर्नाटकच्या सीमेजवळच्या नेसरीच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. पोरांना तम्मा म्हणायच्या, पोरींना तंगी. त्यांच्या वडिलांचा नेसरीला फोटोचा स्टुडिओ होता. लग्नाचे, पासपोर्टचे, आणि माणूस गेलं की भिंतीला लावायचे, असे सगळे फोटो ते काढायचे. त्यांनी लेकीला एक गंमत शिकवली होती. एकाच जागेचा एक फोटो काढायचा, मग कॅमेरा चार बोटं बाजूला सरकवून दुसरा काढायचा. दोन्ही शेजारी ठेवून एक एका डोळ्यानं, दुसरा दुसऱ्या डोळ्यानं भिंगातून बघितला की चित्र सपाट राहत नाही, उठून उभं राहतं. आपण आत असतो.

त्या गमतीचं बाईंनी काय केलं हे ऐका. साडीचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घेतला, चष्म्याच्या दुकानातून दोन भिंगं आणून त्याला बसवली, आत उजेड यायला वरून फट ठेवली. झाली पेटी. मग पाठ संपला की त्या शेवटच्या रांगेतूनच ओरडायच्या, "तम्मा, तू फळ्यापाशी हाय तसा थांब. पोरांनो, स्टॅच्यू!" वर्ग जागच्या जागी थिजायचा. बाई कॅमेरा बसलेल्या पोराच्या डोळ्याएवढ्या उंचीवर धरून एक फोटो काढायच्या, चार बोटं सरकून दुसरा. रोल संपून फोटो धुऊन यायला दोन-तीन आठवडे जायचे. तोवर आपण विसरलेलो असायचो.

माझा पाठ हातच्याच्या बेरजेचा होता, गंगावेशीजवळच्या एका शाळेत. मी रंगीत तक्ते केले होते, मणी नेले होते, दुसऱ्या निरीक्षकांनी उत्तम असा शेरा दिला होता आणि मी हवेत होतो. बाईंनी मला एक दिवस विभागात बोलावलं आणि पेटी पुढं सरकवली. "ये. नोडु." नोडु म्हणजे कानडीत बघ.

मी डोळे लावले आणि दचकलो. मी माझ्याच वर्गात शेवटच्या रांगेत बसलो होतो. नाकापुढं एका पोराचं तेल चोपडलेलं डोकं, हंड्याएवढं. त्यापलीकडं अजून डोकी. लांब कुठंतरी फळा, आणि त्याच्याजवळ अंगठ्याएवढा मी. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर खिडकीचा उजेड पडून नुसतं पांढरं झालेलं. खालचा अर्धा डोक्यांमागं गेलेला. आणि माझी सगळी बेरीज, तो नटवून लिहिलेला हातचा, खाली होता.

"काय दिसतंय?" बाई म्हणाल्या.

"काहीच दिसत नाही, बाई."

"मग त्या पोरांनी अर्धा तास काय बघितलं असंल?"

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. त्या दिवसापासून मी फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच लिहितो आणि वर्गात गेल्यावर आधी खिडकी बघतो. दोन वर्षांच्या डी.एड.मध्ये मला जे खरंखुरं शिकायला मिळालं ते त्या साडीच्या खोक्यात मिळालं. बाकी सगळं घोकलेलं होतं, ते परीक्षेबरोबर गेलं.

आता हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. कारण पुढं कॉलेजात असं पसरवलं गेलं की हिरेमठ बाई जुन्या वळणाच्या, यंत्राला घाबरल्या, पोरांच्या प्रगतीच्या आड आल्या. साफ खोटं! तोंडावर सांगतो, खोटं. आभासी वास्तव हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा उच्चारला तो बाईंनी. पेपरात कुठंतरी आलेलं कात्रण त्यांनी कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. परदेशात विमान चालवणाऱ्याला म्हणे डोक्यावर टोप घालून खोट्या आकाशात शिकवतात. "एक दिवस माझी पेटी बी अशी हुईल बघ," त्या म्हणायच्या. "पोरं हलतील, बोलतील. मास्तराला आत सोडायचं आणि म्हणायचं, बस आता शेवटच्या रांगेत तासभर. मग ह्यांची खोड मोडंल."

मी पुढं शिकून त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. त्यानंतर दोन-चार वर्षांनी टोप आला.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना होता. तिथं क्रेन चालवणारी पोरं आधी खोट्या क्रेनवर शिकत. अध्यक्षांच्या मनानं घेतलं की असलंच मास्तरांसाठी आणायचं. आणलं. एका खोलीत कॉम्प्युटर, त्याला जाड वायरीनं जोडलेला हेल्मेटसारखा टोप, दारावर पितळी पाटी: आभासी अध्यापन प्रयोगशाळा. फीत कापायला पुढारी, पेपरात फोटो.

पहिल्या दिवशी बाईंचा आनंद बघायला हवा होता. अंबाडा सोडून त्यांनी टोप घातला आणि ओरडल्या, "अय्यय्यो! शिवा शिवा! आरं, पोरं हायत की हितं!" हात पुढं करून त्या एका खोट्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या आणि टेबलावरची पाण्याची बाटली पाडली. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. मग मात्र त्यांनी मशीन बसवायला आलेल्या माणसाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पावणं, मला मागच्या रांगेत बसवा."

"मॅडम, तसं नाही होत. ह्याच्यात आपण टीचर. पुढंच उभं राहायचं."

"बरं, ह्या पोरांच्या डोक्यावर हे ठिपके कसले?"

"ते फीचर आहे मॅडम. हिरवा म्हणजे पोराला कळलंय. पिवळा म्हणजे लक्ष नाही. लाल म्हणजे कळलं नाही."

बाईंनी टोप काढला. टोपाखालचा चष्माही काढला.

"पावणं, ते ठिपके बंद करा."

"मग टीचरला समजणार कसं, कुणाला कळलं नाही ते?"

"त्येच शिकायला पोरं हितं येत्यात की वो!"

ठिपके बंद होत नव्हते. त्या वर्गातली वीस पोरं गोरीगोमटी, एकेका खुर्चीवर बसलेली. कुणी शेंबडं नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं, कुणी शेजारच्याला चिमटा काढत नव्हतं. उत्तर येत असलं की हात वर. मास्तर चालायला लागला तर दोन पावलांवर वायर ताणली जायची आणि मान मागं ओढली जायची. लोडशेडिंग झालं की वीसच्या वीस पोरं जागेवर गडप. तरी बाई म्हणाल्या, "असू दे. पहिल्यांदा उभं राह्यची भीती तर मोडंल. पाच पाठ हितं घ्या, मग शाळेत." आणि त्यांनी स्वतः वेळापत्रक लावलं. हे लिहून ठेवा. यंत्राचं पहिलं वेळापत्रक बाईंच्या अक्षरात आहे.

मग कॉलेजला दुसरी तुकडी मिळाली. छात्राध्यापक दुप्पट झाले. एवढ्या पोरांना पाठ घ्यायला वर्ग द्यायला शाळा तयार होईनात. तेव्हा अध्यक्षांचा आदेश आला. सगळे सराव पाठ प्रयोगशाळेत. आणि नोंदवहीत शाळेचा जो रकाना असतो, तिथं कुठल्यातरी शाळेचं नाव टाकायचं.

म्हणजे कागदोपत्री शाळेत, प्रत्यक्षात टोपात. एकही खरं पोर न बघता दोनशे मास्तर बाहेर पडणार आणि त्या वहीवर खाली विभागप्रमुखाची सही असणार. हिरेमठ बाईंची.

बैठकीला मी होतो. अध्यक्ष शांत माणूस, ओरडत नसे. "मॅडम, आमच्या कागलला पोरगं खोट्या क्रेनवरच शिकतं. एक अपघात नाही आजवर."

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "मग ते पोरगं पुढं खऱ्या क्रेनवर बसतंय का न्हाय? तुमचा कोणतरी शेजारी हुबा ऱ्हातोय का न्हाय? का टोप काढला की थेट टनाचा माल उचलायला लावता?"

अध्यक्ष म्हणाले, "ह्या मुलांचे पाठ बघा तरी. तुमच्या जुन्या पोरांपेक्षा भारी घेतात."

"बघू की. खऱ्या शाळंत बघू. तुमी बी या. पाठ जमला तर मी गुमान सही करते."

असं ठरलं. कोडोलीच्या पलीकडं मळ्यात एक दोन खोल्यांची शाळा होती, तिथली दुसरी. मला ती जागा चांगली माहीत होती, कोडोली माझं गाव. कॉलेजनं निवडला अमोल, यंत्रात सर्वांत जास्त गुण मिळवणारा. पोरगा गुणी होता हो. त्याचा काही दोष नव्हता, हे आत्ताच सांगतो. आम्ही जे शिकवलं ते तो शिकला.

त्या दिवशी अध्यक्ष गाडीतून आले, बरोबर फोटोग्राफर. शाळेच्या गुरुजींनी दाराशी, पुढच्या बाजूला दोन खुर्च्या मांडल्या. बाई सवयीनं मागं निघाल्या तर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आज इथं बसा माझ्याजवळ. दोघं मिळून बघू." आणि बाई बसल्या. त्यांना मी खुर्चीवर बसलेलं बघितलं ते तेवढंच. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

पाठ पाळीव प्राण्यांचा. अमोलचा आवाज खणखणीत, चित्रं सुरेख. पण काहीतरी विचित्र होतं आणि ते लक्षात यायला मला जरा वेळ लागला. तो पोरांच्या डोक्यावरून बघत होता. टोपातली पोरं खुर्चीवर असायची आणि ठिपके त्यांच्याही वर. इथली पोरं जमिनीवर. त्याची नजर सारखी जिथं ठिपके असायला हवे होते तिथं, भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्यावर जात होती. आणि तो चालत नव्हता. दोन पावलं डावीकडं, दोन उजवीकडं, पुढच्या रांगेच्या अलीकडंच थबकायचा. डोक्याला वायर नव्हती तरी!

"गाय आपल्याला काय देते?" त्यानं विचारलं.

"श्याण!" चार पोरं ओरडली.

"आमची भाकड हाय, गुर्जी. ती काय बी देत न्हाय," एक जण म्हणाला.

अमोल क्षणभर गोंधळला, कारण टोपातल्या पोरांनी असलं उत्तर कधी दिलं नव्हतं. मग तो हसून म्हणाला, "छान! गाय दूध देते." आणि पुढं गेला. अध्यक्षांनी मान डोलावली.

शेवटच्या रांगेत, एका उंच पोराच्या मागं, सेफ्टी पिन लावलेल्या फ्रॉकची एक बारकी पोरगी होती. तिनं करंगळी वर केली. ज्यानं मराठी शाळेचं तोंड बघितलंय त्याला करंगळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अमोलला वर आलेला हात दिसला असावा. "शाब्बास, हात खाली, तुला नंतर विचारतो," तो म्हणाला. टोपात वर आलेला हात म्हणजे उत्तर. पोरीनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा वर. पुन्हा, "हो हो, सांगतो, हात खाली." तिसऱ्यांदा तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून करंगळी वर ठेवली होती आणि पाय आवळून ती डुलत होती.

बाईंना ती खुर्चीवरून दिसत नव्हती. मला दिसत होती. माझ्यापासून चार हातांवर होती. मी वाकून "जा गं बाळ" एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. नाही म्हणालो. अध्यक्ष बसले होते, पाठ चालू होता, मध्ये बोललो तर पाठ मोडल्याचं खापर माझ्यावर फुटलं असतं, आणि जून जवळ आला होता. मी बाराखडीच्या तक्त्याकडं बघत राहिलो.

मग बसकरपट्टी भिजली. शेजारचं पोरगं उडी मारून ओरडलं, "गुर्जी, हिनं मुतलं!" आणि सगळा वर्ग खिदळला. पोरगी रडली नाही. तिनं फ्रॉक खाली ओढून धरला आणि मान गुडघ्यात घातली.

बाई खुर्चीवरून कशा उठल्या, मध्ये बसलेल्या पोरांतून कशा आल्या, मला कळलंच नाही. खांद्यावरची शाल काढून त्यांनी पोरीला गुंडाळलं आणि उचलून कडेवर घेतलं. बाईंनी अमोलकडं बघितलं. तो पांढराफटक पडला होता. त्याला सोडून त्या पोरीला तसंच घेऊन अध्यक्षांपुढं उभ्या राहिल्या.

"कोण दिसलं?"

"मॅडम, आता एका पोरीनं चड्डीत..." अध्यक्ष कसंनुसं हसत म्हणाले. "होतं असं. लहान लेकरं आहेत."

"क्रेनला मुतायला लागत न्हाय, साहेब!" बाई अशा ओरडल्या की बाहेर झाडाखालची कुत्री उठली. "हिला लागतंय! हिनं कितींदा बोट वर केलं आसंल? आणि मी तुमच्या शेजारी बसली हुती खुर्चीवर! थू माझ्या जिंदगानीवर!"

त्या स्वतःवर थुंकल्या. ज्यानं करंगळी बघितली होती तो मागं भिंतीला टेकून गप्प उभा होता. हे मी पुढं फक्त एका माणसाला सांगितलं, ते येईलच.

बाईंनी सही केली नाही. दोनशे पोरांचे गुण अडकले. पोरं त्यांच्या विरोधात घोषणा द्यायला लागली. आईबाप येऊन त्यांना वाट्टेल ते बोलून गेले, "तुमचं काय जातंय, बाई? आमच्या पोरांची वर्षं जात्यात." बाई एकेकाला खाली बसवून सांगायच्या, "पोराला माझ्याकडं सोडा, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत मी खरं पाठ घेऊन देते." कुणाला धीर नव्हता. अध्यक्षांनी त्यांना विभागावरून काढून ग्रंथालयात बसवलं आणि विभागाची जबाबदारी दुसऱ्या माणसावर दिली.

तो दुसरा माणूस मी. तीन दिवस सह्या करत होतो. दोनशे वह्या, प्रत्येक पाठाला एक सही, शेजारी ज्या शाळेची पायरी ते पोर चढलं नाही तिचं नाव. जूनला माझी ऑर्डर आली, कायमची. घरी पेढे वाटले. लोक म्हणतात, परिस्थितीपुढं माणूस काय करणार. काही नाही, मी शेपूट घातलं. परिस्थितीला कशाला बदनाम करायचं?

बाईंनी त्या जूनच्या आधीच राजीनामा दिला. जायच्या दिवशी पेटी पिशवीत घालून त्या स्टाफरूमच्या दारात आल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुतारा, तुझी लेक कितवीत?"

"जूनला पहिलीत जाईल, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

पुढं दोन-तीन वर्षं मी त्यांना भेटलो नाही. तोंडच नव्हतं. मधे कानावर आलं की अमोलनं नोकरी धरायच्या आधी बाईंकडं जाणं सुरू केलंय. बाई आता गावी नेसरीलाच राहत होत्या. दर शनिवारी, सकाळच्या शाळेला, तिथं. त्याच्याबरोबर त्याच्या तुकडीतली आणखी पाच-सहा जणं. डी.एड.चं प्रमाणपत्र खिशात असलेली पोरं राहिलेले पाठ स्वतःहून, खऱ्या वर्गापुढं द्यायला एस.टी.नं नेसरीला जात होती. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कुणाचा, ते कळायला नेसरीलाच जावं लागलं.

एका शनिवारी गेलो. बाई एका शाळेत भेटतील असं घरी कळलं. वर्गाचं दार उघडं होतं, मी चपला काढून बाहेरच थांबलो. अमोल शिकवत होता. तो पोरांमधून चालत होता, वाकत होता, एकाच्या पाटीवर बोट ठेवून काहीतरी विचारत होता. आणि शेवटच्या रांगेत, बसकरपट्टीवर, केस पार पांढरे झालेल्या बाई बसल्या होत्या. एक पोरगं मांडीला टेकलेलं.

अमोल फळ्याकडं वळून लिहायला लागला. बाईंनी हळूच करंगळी वर केली.

त्यानं लिहिता लिहिता मान वळवून वर्गावर नजर टाकली आणि म्हणाला, "जावा, बाई." पोरं फिसफिसून हसली. बाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि बाहेर आल्या. समोर मी.

चष्म्यातून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. 'बरं हाय का' नाही, 'ये' नाही. एवढंच म्हणाल्या, "कोण दिसलं?"

मी आत बघायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. "कोडोलीची पोरगी, बाई. सेफ्टी पिनवाली. मला त्या दिवशी तिची करंगळी दिसली होती. तिन्ही वेळा. मी मागंच उभा होतो."

बाईंनी चष्मा काढला. मी मान खाली घातली. आता चार शब्द ऐकून घेऊ, रडू, मोकळं होऊ, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यासाठीच गेलो होतो.

"अमोलला दिसलं न्हवतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "म्हणून त्येला शिकवता आलं. तुला दिसलं हुतं, सुतारा. दिसून सही केलीस. तुला मी काय शिकवू?"

त्यांनी चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला, आत गेल्या आणि मागं न बघता दार ओढून घेतलं. मी बराच वेळ व्हरांड्यात उभा होतो. आतून अमोलचा आवाज येत होता, मधेच पोरं हसत होती, आणि एकदा बाईंचं ओरडणं ऐकू आलं, "पोरांनो, स्टॅच्यू!" मग सगळं शांत झालं. मी चपला घातल्या आणि स्टँडवर आलो.